बेलभंडाराचा प्रबंध

केजच्या कोर्टात आम्हा वकिलांना बसायला एक खोली आहे. तिथं कायदा सोडून सगळ्या विषयांवर चर्चा होते. शिवांजलीबाई हालगे यांनी चव्वेचाळिसाव्या वर्षी एल.एल.एम.ला प्रवेश घेतला, तेव्हा ती बातमी आम्हाला महिनाभर पुरली.

"बाई, एल.एल.एम. झाल्यावर जामीन लवकर होतो का?" एकानं विचारलं.

"नाही हो. पण का होत नाही, ते तरी नीट कळेल," बाई म्हणाल्या आणि डबा उघडून जेवायला बसल्या.

मी अमरसिंह, त्याच खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर बसतो. वकिली करून करून माझे केस पांढरे झाले आणि जीभ कडू झाली, असं घरचे म्हणतात. माझं तेव्हा एक ठाम मत होतं. शिकायचं वय उलटल्यावर जो शिकायला निघतो, त्याला एक तर प्राध्यापक व्हायचं असतं, नाहीतर घरात करमत नसतं. शिवांजलीबाई दोन्हींत बसत नव्हत्या, त्यामुळे मला त्यांचा जरा रागच यायचा.

बाई मूळच्या धर्मापुरीच्या. वडील गुरुपादअप्पा, त्यांचं किराणा दुकान. घर लिंगायत, सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय चूल पेटायची नाही असं वळण. अंबाजोगाईला वसतिगृहात जागा मिळाली म्हणून त्या वकिलीला गेल्या. शास्त्र शाखेच्या वसतिगृहात मिळाली असती तर आज कुठल्या तरी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असते, असं त्या स्वतःच सांगतात. लग्न होऊन केजला आल्या. नवरा मृत्युंजय, बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवतो. शांत माणूस आहे. बायको काय करते ते त्याला सगळं कळतं असं नाही, पण तिला बसस्टँडवर सोडायला आणि आणायला तो कधी चुकला नाही.

वकील म्हणून बाईंची एक खोड आहे. अशील पहिल्यांदा आला की त्याची बाजू कुठं लंगडी आहे, ते त्या आधी सांगतात. लोकांना वकिलाकडून हे ऐकायचं नसतं. त्यातले बरेच जण तिथून उठतात आणि सरळ माझ्या टेबलाशी येतात. या व्यवस्थेबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

त्यांची एल.एल.एम. होती ती संशोधनाची. म्हणजे तास थोडे, प्रबंध मोठा. एक प्रश्न धरायचा, जुने कायदे आणि निवाडे वाचायचे, गावोगाव फिरून माणसांशी बोलायचं, ते सगळं लिहून काढायचं आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकासमोर बसून तोंडी उत्तरं द्यायची. शनिवारी पहाटेची एसटी धरून बाई विद्यापीठात जायच्या. त्यांच्या मार्गदर्शक डॉ. वनमाला मॅडम कडक होत्या. लाल शाईनं भरलेले कागद घेऊन बाई परत यायच्या आणि सोमवारी काळा कोट घालून आमच्याबरोबर उभ्या राहायच्या.

आणि प्रश्न कुठला धरला? बेलभंडार!

आमच्याकडं दोघांचं भांडण मिटेना, साक्षीदार मिळेना, तर गावातली चार माणसं म्हणतात, "चल, उचल बेलभंडार." देवळात जायचं, तळहातावर बेलाची पानं आणि वर हळदीचा भंडारा घ्यायचा आणि खरं ते बोलायचं. जो उचलेल त्याचं बोलणं समोरच्यानं मान्य करायचं. जुन्या इंग्रजी अमलातल्या कायद्यात अशा शपथेला जागा होती. एका पक्षकारानं दुसऱ्याला म्हणावं, तू अमुक शपथ घे, मी दावा सोडतो, आणि कोर्ट ते मानायचं. एकोणीसशे एकोणसत्तरच्या कायद्यानं ती सोय काढून टाकली. बाईंना शोधायचं होतं ते असं: कोर्टाच्या पिंजऱ्यात माणूस ईश्वरसाक्ष सांगून खुशाल खोटं बोलतो, मग देवळात त्याचाच हात का थरथरतो? आणि कायद्यानं ही सोय काढली, ते चांगलं केलं की वाईट?

मी म्हणालो, "छान. म्हणजे आता न्यायाधीशांच्या टेबलावर भंडाऱ्याची वाटी ठेवा म्हणून लिहिणार का?"

"अजून ठरलं नाही, दादा. ज्या बायकांना बेल उचलायला लावला, त्यांच्याशी बोलून आल्यावर सांगते."

बायकांशी बोलून आल्यावर त्यांनी लिहिलेला कच्चा खर्डा मी वाचला, नाव-गाव नसलेला. एका बाईला सासरच्यांनी चारचौघांत बेल उचलायला लावला होता, ती नवऱ्याशी नीट वागली हे सांगण्यासाठी. तिनं उचलला, खरं सांगितलं, आणि तरीही तिला माहेरी पाठवलं. अशा आणखी काही जणी होत्या. देवाची शपथ गरिबाला आणि बाईला घ्यायला लावतात, गावच्या पुढाऱ्याला कुणी लावत नाही, हे बाईंनी प्रबंधात रोखठोक लिहिलं. नुसती जुन्याची आरती ओवाळायला त्या निघाल्या नव्हत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि राग थोडा उतरला.

या सगळ्यांना बाईंनी एक शब्द दिलेला होता. विद्यापीठाचा तसा नियम असतोच, पण बहुतेक जण तो छापील कागदावर सही घेऊन उरकतात. बाई प्रत्येकाच्या ओसरीवर बसून तोंडानं सांगायच्या: "तुमचं नाव लिहिणार नाही, गाव लिहिणार नाही. आणि माझ्याजवळ बोललेलं तुम्हाला कधीही परत मागता येईल. मी कारण विचारणार नाही, पुसून टाकीन." त्या शब्दावर त्या बायका बोलल्या होत्या.

आता सुंदररावांकडं येतो. लिंबागणेशच्या अंगाला, केजच्या हद्दीत एक वाडी आहे, तिथले हे मोठे शेतकरी. आजूबाजूच्या चार वाड्यांत कुणी बेल उचलायचा झाला तर तो सुंदररावांनीच त्याच्या हातावर ठेवायचा, असा मान. योगायोग असा की त्यांच्यावर केजच्या कोर्टात एक दावा चालू होता, आणि दावा लावणारा त्यांचा पुतण्या राधाकिशन माझा अशील होता. भांडण सामाईक विहिरीचं. राधाकिशन म्हणायचा, विहिरीत माझा अर्धा हिस्सा आहे, पाण्याची पाळी द्या. सुंदरराव म्हणायचे, तुझ्या बापानं मरायच्या आधी हिस्सा तोंडी सोडला. नोंद कुठंच नव्हती, साक्षीदार मेलेले. राधाकिशनची मोसंबीची बाग डोळ्यांसमोर वाळत होती आणि मी तारखा घेत होतो. सुंदररावांचा दावा चालू आहे हे बाईंना माहीत होतं, म्हणून त्यांनी आधीच सांगितलं होतं की विहिरीविषयी मी एक अक्षर विचारणार नाही. फक्त चालरीत सांगा.

सुंदररावांनी चालरीत भरभरून सांगितली. आणि मग बाईंनी ती चूक केली. त्या म्हणाल्या, "काका, एकदा करून दाखवता का? म्हणजे मला नीट लिहिता येईल."

दुसऱ्या कुणी हे विचारलं नसतं. आमच्या गावांत लहान पोरालाही माहीत असतं की बेलभंडार नुसता दाखवायला उचलत नाहीत. पण बाई लिंगायत घरातल्या. रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, बेल वाहायचा, हात जोडायचे. तळहातावरच्या बेलाची त्यांना भीती कधी शिकवलीच नव्हती. आणि म्हाताऱ्याला आपल्या मानाची ऐट. एवढी शिकलेली बाई विचारते आहे म्हटल्यावर ते हो म्हणाले.

सोमवारी कोर्ट सुटल्यावर महादेवाच्या देवळात दोघंच होते. समोर फोनवर ध्वनिमुद्रण चालू. सुंदररावांनी पानं हातावर घेतली, वर भंडारा टाकला आणि त्याकडं बघत राहिले. "आता काय म्हणतात?" बाईंनी विचारलं. पुढं काय झालं ते मला खुद्द सुंदररावांनी नंतर सांगितलं, त्यांच्याच शब्दांत लिहितो:

"वकीलसायब, जल्मभर दुसऱ्याच्या हातावर ठिवला. माज्या हातावर कवा आलाच न्हवता. आन् आल्यावर त्यो रिकामा खाली ठिवता येईना. तोंडातनं निगूनच गेलं, भावानं हिस्सा सोडला न्हाई म्हनून. पोरांनी ऊस लावलता, पानी पुरंना, म्हनून म्या कोर्टात खोटं लिहून दिलं. लई रडलो म्या थितं."

दुसऱ्याच दिवशी म्हातारा बाईंच्या घरी हजर. "बाई, कालचं परत द्या." बाईंनी त्यांच्यासमोर फोन घेतला, ध्वनिमुद्रण पुसलं, टिपणांची पानं फाडून त्यांच्या हातात दिली. कारण विचारलं नाही. त्या एका प्रसंगावर त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण उभं राहणार होतं. आता त्यांच्याजवळ ऐकीव गोष्टींशिवाय काही उरलं नव्हतं. वनमाला मॅडम म्हणाल्या, प्रबंध दुबळा होईल, निर्णय तुमचा. निर्णय झालेलाच होता.

पण वाडीत काही झाकून राहत नाही. राधाकिशन धापा टाकत माझ्याकडं आला.

"वकीलसायब, चुलता देवळात रडत व्हता. हातावर बेल व्हता, म्या डोळ्यानं बगितलंय. हालगे बाई म्होरं बसल्या व्हत्या. कावून रडंल बे माणूस उगाच?"

वकिलाला 'बे' म्हटल्याचं त्याला नंतर कळलं आणि तो ओशाळला. मला त्याचं भान नव्हतं. हरत चाललेला दावा एका वाक्यात जिंकता येणार होता. पक्षकारानं स्वतः दिलेली कबुली, आणि ऐकणारी साक्षीदार कोण, तर कोर्टातली वकील!

मी बाईंना खोलीबाहेर लिंबाखाली गाठलं.

"त्या सोमवारी तुम्ही देवळात होता?"

"होते."

"सुंदरराव काय बोलले?"

"ते मी सांगणार नाही, दादा."

"म्हणजे बोलले काहीतरी."

"तेही सांगणार नाही."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "अशील वकिलाला सांगतो ते कायद्यानं झाकलेलं असतं. सुंदरराव तुमचा अशील नाही. संशोधन करणाऱ्याला कायद्यात कसलंही पांघरूण नाही. मी समन्स काढलं तर तोंड उघडावं लागेल."

"माहीत आहे. माझ्या प्रबंधात त्यावर एक तळटीप आहे."

"तळटीप घाला चुलीत! तुमच्या शब्दापायी एका गरिबाची बाग वाळतेय, ती दिसते का?"

त्यांचा चेहरा उतरला. "दिसते ना. त्याच रस्त्यानं जाते-येते मी. रात्री झोप लागत नाही, दादा. पण ज्या बायका माझ्याजवळ बोलल्या, त्यांनाही मी हाच शब्द दिलाय. एकाला दिलेला मोडला की त्यांचाही मोडला. मग उद्या त्यांच्या नवऱ्याचा वकील येईल आणि मला विचारील."

"आणि कोर्टानं विचारल्यावर काय कराल? खोटं बोलाल?"

"खोटं नाही बोलणार. गप्प राहीन. मग कोर्टाला जी शिक्षा करायची ती करू दे."

शिक्षा झालेल्या वकिलाच्या सनदेचं काय होतं, ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. पंधरा-सोळा वर्षांची वकिली होती ती, वाऱ्यावर सोडायची गोष्ट नव्हे. मी त्यांना मूर्ख म्हणालो. अजूनही मला वाटतं की माझ्या जागी मी बरोबर होतो. वकिलानं अशिलासाठी भांडायचं असतं, आणि माझा अशील खरा होता. मी अर्ज दिला, कोर्टानं समन्स काढलं. बेलीफानं ते वकिलांच्या खोलीतच बाईंना बजावलं. सगळी खोली बघत होती. बाईंनी सही केली, समन्स फाईलमध्ये ठेवलं आणि पुढच्या केसला निघून गेल्या. त्या दिवसापासून माझ्या टेबलाशी चहाला कुणी येईना.

ही गोष्ट वाडीला पोचायला कितीसा वेळ लागणार! तारखेच्या दोन दिवस आधी सुंदरराव माझ्या ऑफिसच्या दारात उभे. मी म्हणालो, तुम्ही समोरचे पक्षकार, मला तुमच्याशी असं बोलता येत नाही, तुमच्या वकिलांना घेऊन या. तर ते त्यांना घेऊनच आले होते, ते बिचारे खाली गाडी लावत होते. ते वर आल्यावर म्हातारा बसला आणि देवळात काय झालं ते सगळं सांगून मोकळा झाला.

"त्या बाईला पिंजऱ्यात उबं करू नगा," ते म्हणाले. "मला वाटलं व्हतं, बाई हाय, शिकलेली हाय, धा जनांत बोलंल. एक सबूद बोलली न्हाई. माज्यापायी तिची सनद जायाची आन् म्या घरी बसून बघायचं व्हय? ल्ह्या, राधाकिशनचा आर्धा हिस्सा हाय. कुटं आंगठा करू?"

"तुम्हाला सही येते, काका," त्यांचे वकील म्हणाले.

तडजोडीचा अर्ज झाला, हुकूमनामा झाला, राधाकिशनला पाण्याची पाळी मिळाली. साक्षीची गरजच उरली नाही. मी खोलीत म्हणालो की माझ्या समन्सानं काम केलं. बाकीचे म्हणाले, बाईंच्या गप्प बसण्यानं. बाईंनी माझ्या टेबलाशी येऊन स्वतःच्या डब्यातली शेंगापोळी पुढं केली. मी ती सबंध खाल्ली.

मग मी म्हणालो, "आता तरी लिहा. तुमचं प्रकरण परत उभं राहील. म्हातारा सगळं बोललाय."

"तुमच्याजवळ बोललेत. माझ्याजवळचं त्यांनी परत नेलंय."

मला राहवेना. मीच सुंदररावांना विचारलं. त्यांनी मान हलवली. "नगं, वकीलसायब. पानी दिलं, ते सरळ झालं. पर माजी नात सायली वकिलीला जायाचं म्हनती. नाव बदललं तरी वळकंल ती, ह्यो माजाच आजा. तिच्यासमोर ल्हान नगं करू मला."

हा निरोप मी बाईंना दिला. त्या "बरं" म्हणाल्या आणि तसाच दुबळा प्रबंध त्यांनी टंकायला दिला. सुंदरराव गेल्या माघात वारले. हे लिहिण्याआधी मी सायलीकडं गेलो होतो. आजोबांनी जायच्या आधी तिला स्वतःच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, लिहा काका, फक्त नाव दुसरं घाला. ते मी घातलं आहे. पण हे सगळं फार उशिरा झालं, प्रबंध केव्हाच तपासून झाला होता.

निकाल सांगून टाकतो. पदवी मिळाली, श्रेणी साधारण. माझ्या हातात असतं तर त्या विद्यापीठातला सगळ्यात वरचा आकडा मी त्यांच्या नावापुढं लिहिला असता, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

तोंडी परीक्षा ऐकायला कुणालाही बसता येतं, म्हणून मी मृत्युंजयच्या गाडीतून गेलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक हुशार होते, एकेक पान वाचलेलं दिसत होतं. बायकांच्या प्रकरणाची त्यांनी तारीफ केली. मग मधलं प्रकरण उघडून त्यावर बोट ठेवलं.

"इथं सगळं ऐकीव आहे. प्रत्यक्ष शपथ घेताना पाहिलेली एकही नोंद नाही. का?"

"होती, सर. देणाऱ्यानं परत मागितली. शिवाय ती मिळवताना चूक माझीच झाली होती. करून दाखवा, असं मी त्यांना म्हणायला नको होतं. हे प्रकरण त्यामुळे कच्चं राहिलंय, मला मान्य आहे."

परीक्षक जरा वैतागले. "अहो, मग नाव बदलायचं, गाव बदलायचं, देव बदलायचा. सगळे तेच करतात. कुणाला कळलं असतं?"

"ज्यांनी परत मागितली, त्यांना कळलं असतं," बाई म्हणाल्या.

मी शेवटच्या बाकावर होतो. कोर्टात आयुष्यभर उठाबशा काढल्या, न्यायाधीश आले की उठायचं, गेले की उठायचं, त्यात माझं मन कधी नव्हतं. त्या दिवशी कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं, आणि मी उठून उभा राहिलो होतो. मृत्युंजयनं शर्ट ओढून मला खाली बसवलं.